अरेषीय चुंबकांनी प्रोटॉनांचा झोत आवरता येतो का? जास्त तीव्रतेच्या कणत्वरकांविषयी एक शंका

एमएस्सी विद्यार्थिनी, ताळगाव

नमस्कार. मी ताळगाव पठारावर एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षात पदार्थविज्ञान शिकते. आमच्या वर्गात प्रत्येकाला एका विषयावर चर्चासत्र द्यावे लागते आणि मी जास्त तीव्रतेच्या प्रोटॉन त्वरकांतील अरेषीय चुंबकरचना हा विषय घेतला आहे. वाचन बरेच झाले, पण एका ठिकाणी गाडी अडली आहे.

वर्तुळाकार त्वरकात चतुर्ध्रुवी चुंबक आलटून पालटून उलट्या दिशेने बसवले की झोत आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांनी आवरला जातो, हे तत्त्व कूरांट, लिव्हिंग्स्टन आणि स्नायडर यांनी १९५२ साली मांडले आणि आजचे जवळजवळ सगळे मोठे त्वरक त्यावरच चालतात. या चुंबकांत कण मध्यरेषेपासून जितका दूर, तितका त्याला मागे खेचणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून गती रेषीय राहते आणि प्रत्येक कण एका फेरीत ठरावीक आंदोलने करतो. या आंदोलनसंख्येला ट्यून म्हणतात. ट्यून पूर्णांकाजवळ किंवा अर्ध्या-तृतीयांशासारख्या साध्या अपूर्णांकाजवळ आली तर चुंबकांतील बारीकसारीक दोष प्रत्येक फेरीला त्याच लयीत धक्का देतात, अनुनाद होतो आणि कण नळीच्या भिंतीवर आदळतो. अरेषीय, म्हणजे अंतराच्या साध्या प्रमाणात न वाढणारी, बले आली की गती बेभरवशाची होते, असेही पाठ्यपुस्तके बजावतात.

असे असताना दानिलोव आणि नागायत्सेव या दोघांनी २०१० साली मुद्दाम तीव्र अरेषीय चुंबक घालण्याची रचना सुचवली आणि अमेरिकेतील फर्मीलॅबने त्यासाठी आयोटा नावाचे वलय बांधले. ज्या गोष्टीला इतकी वर्षे टाळले, तीच हाताशी धरण्याचे कारण काय? अरेषीय बलामुळे प्रत्येक कणाची ट्यून वेगळी झाली, तर त्यांतले काही कण कोणत्या ना कोणत्या अनुनादावर जाऊन बसणारच, मग फायदा कसा होतो? आणि आपल्या देशातील कामाशी याचा काही संबंध आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

निवृत्त प्राध्यापक, फोंडा

आपली शंका अगदी मुळाशी हात घालणारी आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पुस्तके ज्या अरेषीयतेची भीती घालतात ती अपघाताने आलेली असते. चुंबकांच्या घडणीतले दोष आणि वेगवेगळ्या ऊर्जेच्या कणांची ट्यून सारखी करण्यासाठी घालावे लागणारे षट्ध्रुवी चुंबक, ही तिची दोन नेहमीची उगमस्थाने. अशी बले रेषीय गतीतल्या अक्षय्य राशी, म्हणजे गती चालू असताना न बदलणाऱ्या राशी, मोडतात आणि त्यांच्या जागी नवीन काही देत नाहीत. खरे संकट अक्षय्य राशी गमावण्यात आहे, अरेषीय असण्यात नाही. सूर्याभोवती फिरणाऱ्या एका ग्रहाची गती पूर्णपणे अरेषीय असते, तरी ऊर्जा आणि कोनीय संवेग राखले जात असल्यामुळे त्याची कक्षा बंदिस्त राहते. आडव्या-उभ्या मिळून दोन दिशांच्या गतीत दोन स्वतंत्र अक्षय्य राशी टिकल्या, तर कण एका ठरावीक पृष्ठभागावरच फिरत राहतो, त्याला बाहेर भटकायला वाटच नसते. अशा गतीला समाकलनीय म्हणतात. दानिलोव आणि नागायत्सेव यांनी विचारलेला प्रश्न असा की, रिकाम्या जागेतील कोणत्याही चुंबकक्षेत्राला बांधून ठेवणारे लाप्लास समीकरण पाळूनही दोन अक्षय्य राशी देणारे अरेषीय क्षेत्र आहे का. त्यांना ते सापडले. एका मितीतील असे उदाहरण अमेरिकी शास्त्रज्ञ एडविन मॅकमिलन यांनी पूर्वीच दिले होते. दोन्ही दिशा एकत्र घेऊन, खऱ्या चुंबकाने घडवता येईल असे उदाहरण मिळवणे फार कठीण होते.

युक्ती दोन टप्प्यांची आहे. वलयाचा एक सरळ भाग रिकामा ठेवायचा आणि उरलेले वलय असे जुळवायचे, की त्या भागापुरते पाहिले तर सगळे वलय मिळून एका गोल समरूप भिंगासारखे वागेल. त्यासाठी उरलेल्या वलयातून जाताना आंदोलनाची कला (आवर्तनातली जागा) १८० अंशांच्या पूर्ण पटीत पुढे सरकली पाहिजे आणि सरळ भागात आडव्या व उभ्या दिशांची बीटा फलने, म्हणजे झोताची रुंदी वाटेत कशी बदलते ते सांगणारी फलने, सारखी असली पाहिजेत. मग त्या सरळ भागात अरेषीय चुंबक ठेवायचा आणि त्याचे क्षेत्र लांबीच्या दिशेने बीटा फलनाच्या मापाने बदलत न्यायचे. बीटा फलनाच्या वर्गमुळाने भागून घेतलेल्या निर्देशांकांत पाहिले, तर कणाला जाणवणारे विभव (ज्याच्या उतारावरून बल ठरते) काळाबरोबर बदलत नाही आणि हॅमिल्टोनियन, म्हणजे एकूण ऊर्जेसारखी राशी, ही पहिली अक्षय्य राशी हाती येते. एवढ्यासाठी विभवाचा आकार कोणताही चालतो. साधे अष्टध्रुवी चुंबक या रीतीने मांडले तरी पहिली राशी मिळते. दुसरी राशी हवी असेल तर आकार निवडून घ्यावा लागतो. विवृत्तीय निर्देशांकांत ज्याचे चल विभक्त होतात असेच विभव घ्यावे लागते, आणि लाप्लास समीकरणाची अट जोडली की निवड फार अरुंद होते.

त्या विभवाचे रूप जवळून पाहण्यासारखे आहे. त्याचा विस्तार मांडला तर पहिले पद चतुर्ध्रुवी, दुसरे अष्टध्रुवी, तिसरे बारा ध्रुवांचे, आणि असेच पुढे. चतुर्ध्रुवी पदाचा गुणक १ धरला तर पुढचे २/३, मग ८/१५. म्हणजे ओळखीचीच चुंबके एका काटेकोर प्रमाणात मिसळलेली असतात. हे प्रमाण बिघडले तर दुसरी राशी जाते. चुंबकाची तीव्रता टी या एका संख्येने सांगतात. मध्याजवळच्या कणांची आडवी ट्यून एक अधिक दोन टी याच्या वर्गमुळाने गुणली जाते आणि उभी ट्यून एक वजा दोन टी याच्या वर्गमुळाने. सरळ भागातली मूळ ट्यून ०.३ असेल आणि टी ०.४ घेतला, तर मध्याजवळ आडवी ट्यून सुमारे ०.४० आणि उभी सुमारे ०.१३ होते, दूरच्या कणांची ट्यून यापेक्षा वेगळी असते. नेहमीच्या त्वरकात अष्टध्रुवी चुंबकांनी ट्यून जेमतेम काही सहस्रांश किंवा शतांश पसरवता येते. इथला पसारा त्याच्या कितीतरी पट आहे, आणि एवढे करूनही गती बंदिस्त राहते, हे या शोधाचे मर्म आहे.

आता अनुनादाविषयी. समाकलनीय रचनेत कणांच्या ट्यून साध्या अपूर्णांकांवरून जातात, परंतु त्या जागी कणाला ढकलणारे पदच नसते, म्हणून अनुनादाला रुंदी येत नाही. प्रत्यक्ष यंत्रात दोष राहणारच आणि थोडी रुंदी येणार. पण कोल्मोगोरोव्ह, अरनॉल्ड आणि मोझर यांच्या सिद्धान्ताचा आधार इथे मिळतो: दोष पुरेसा लहान असेल आणि आंदोलनाच्या मोठेपणानुसार ट्यून बदलत असेल, तर बहुतेक पृष्ठभाग थोडे वाकतात, फुटत नाहीत. ट्यून मोठेपणानुसार जितकी झपाट्याने बदलते, तितके मोठेपणाच्या मापात अनुनादाचे बेट अरुंद होते. याचे कारण सहज समजते. अनुनादावर आलेल्या कणाचे आंदोलन वाढू लागले की त्याची ट्यून बदलते आणि तो स्वतःच अनुनादातून बाहेर पडतो. रेषीय चुंबकरचनेच्या त्वरकात ही सोय नाही. तिथे ट्यून सर्वांची सारखी आणि मोठेपणाने न बदलणारी, त्यामुळे धक्का लयीत बसला की कण भिंतीला लागेपर्यंत बसतच राहतो.

अभियंता, वास्को

प्राध्यापक सरांनी गणित उत्तम उलगडले आहे. मी त्वरकांच्या चुंबकांवर आणि त्यांच्या वीजपुरवठ्यावर काम केलेला माणूस आहे, त्यामुळे तीव्रतेची बाजू लिहितो. विषयाच्या नावात ती आहे आणि चर्चासत्रात परीक्षक तीच विचारतील.

तीव्रता वाढवण्यात दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात, ज्याला स्पेस चार्ज म्हणतात. यामुळे झोताला आवरणारा जोर काही अंशी कमी होतो आणि ट्यून खाली घसरते. कण वेगाने जाऊ लागले की त्यांच्या समांतर प्रवाहांतील चुंबकीय आकर्षण विद्युत प्रतिकर्षणाला जवळजवळ फेडून टाकते, म्हणून हा त्रास कमी ऊर्जेला सर्वांत जास्त. झोताचे सामान्यीकृत आकारमान तेच ठेवले, तर घसरण वेग (प्रकाशवेगाच्या पटीत) आणि गॅमाचा (कणाची एकूण ऊर्जा भागिले त्याची स्थिर अवस्थेतील ऊर्जा) वर्ग यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात बदलते. आपण हे आकडे स्वतः मांडून पाहा: ४०० एमईव्हीला (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणाच्या ऊर्जेचे एकक) हा गुणाकार सुमारे १.४५ येतो, ८०० एमईव्हीला सुमारे २.८९. म्हणजे ज्या वलयात प्रोटॉन ४०० ऐवजी ८०० एमईव्हीला सोडले, त्यात तेवढीच घसरण सोसून जवळजवळ दुप्पट प्रोटॉन मावू शकतात. फर्मीलॅबच्या बूस्टर वलयासाठी ८०० एमईव्हीचा पिप-टू हा अतिवाहक, सरळ रेषेतला त्वरक बांधण्यामागे हा हिशेब आहे.

दुसरी अडचण झोताच्या गळतीची. जिथे माणसाने हात घालून दुरुस्ती करायची असते, तिथे मीटरमागे सुमारे १ वॅटपेक्षा जास्त गळती होऊ द्यायची नाही, असा या क्षेत्रातला सर्वमान्य दंडक आहे; त्यापुढे यंत्राचे धातू इतके किरणोत्सारी होतात की बंद केल्यावरही जवळ जाता येत नाही. १ मेगावॅटच्या झोतात याचा अर्थ मीटरमागे दहा लाखांत एक भाग. हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय या विषयाचे गांभीर्य कळत नाही. झोताचा गाभा कितीही व्यवस्थित असला, तरी त्याच्याभोवती चंद्राच्या खळ्यासारखे विरळ कणांचे जे कडे तयार होते, त्यातले मूठभर कण मर्यादा ओलांडायला पुरेसे असतात. गाभा फुगत-आकसत असेल आणि एखाद्या कणाचे आंदोलन त्या फुगण्याच्या निम्म्या वारंवारतेने चालत असेल, तर तो कण प्रत्येक वेळी ऊर्जा उचलत बाहेर फेकला जातो. ट्यून पसरलेल्या असल्या की गाभ्याचे फुगणे-आकसणे काही फेऱ्यांत विरून जाते आणि खळ्याला खतपाणी मिळत नाही. अरेषीय रचनेकडून अपेक्षा आहे ती इथे.

दुसरी अपेक्षा सामूहिक अस्थिरतेबाबत आहे. झोत नळीच्या भिंतीत विद्युतक्षेत्र उमटवतो, ते क्षेत्र मागून येणाऱ्या कणांना ढकलते, आणि सगळे कण एकाच लयीत डोलत असतील तर ते डोलणे वाढत जाते. शिगम्याच्या रोमटामेळात सगळे ढोल एका ठेक्यावर पडले की आवाज अंगावर येतो, पण प्रत्येक ढोल किंचित वेगळ्या गतीने वाजू लागला तर तो एकत्रित दणका उरत नाही. झोतातल्या या परिणामाला लांदाऊ अवमंदन म्हणतात. युरोपातील सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी या महात्वरकातही त्यासाठी अष्टध्रुवी चुंबक आहेत. मात्र ते फार वाढवले की दूरच्या कणांची गती बिघडते, म्हणून त्यांना हात आखडता ठेवावा लागतो. अक्षय्य राशी राखणारी रचना हीच मर्यादा दूर सारू पाहते.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आजवर मेगावॅटचा टप्पा गाठलेल्या वलयांनी तो नेहमीच्या रेषीय रचनेवर गाठला आहे. अमेरिकेतील ओक रिजच्या, न्यूट्रॉन मिळवणाऱ्या स्पॅलेशन स्रोतातील संचयवलयात सुमारे हजार फेऱ्यांत थोडेथोडे प्रोटॉन सोडून झोत पसरट रंगवला जातो, म्हणजे एके जागी दाटी होत नाही. जपानच्या जे-पार्कमध्ये ३ जीईव्हीचे (१ जीईव्ही म्हणजे १००० एमईव्ही) वलय १ मेगावॅटसाठी बांधले आणि त्यात सोडण्याची ऊर्जा १८१ वरून ४०० एमईव्हीवर नेली. गळती होणारच हे धरून ती एका जाड संरक्षक भागात पकडण्याची व्यवस्था सर्वत्र असते. यामुळे चर्चासत्रात अरेषीय रचनेला पुढच्या पिढीचा पर्याय म्हणूनच मांडावे; तिच्याविना मेगावॅट शक्य नाही, असे विधान करू नये.

भारतापुरते सांगायचे तर पिप-टू साठी आपल्या अणुऊर्जा विभागाच्या संस्था, म्हणजे मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर, तसेच दिल्लीचे इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर, चुंबक, अतिवाहक पोकळ्या आणि रेडिओ-वारंवारतेचे प्रवर्धक यांत सहभागी आहेत. तुर्भ्याचा लेहिपा हा २० एमईव्हीचा जास्त तीव्रतेचा प्रोटॉन त्वरक थोरियमवर चालणाऱ्या त्वरकचालित अणुभट्ट्यांच्या दिशेने टाकलेले पाऊल आहे. पण तो सरळ रेषेतला आहे, झोत त्यातून एकदाच जातो, म्हणून फेऱ्यांमागून फेऱ्या राशी राखण्याचा प्रश्न तिथे या रूपात उद्भवत नाही. इंदूरचे इंडस-२ वलय १७२.५ मीटर परिघाचे आहे, परंतु त्यात २.५ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि त्याचा हेतू क्ष-किरण मिळवण्याचा आहे. म्हणजे ही रचना थेट लागू पडेल असे प्रोटॉनांचे वलय आज आपल्याकडे चालू नाही. गोव्यातून कोणी विद्यार्थी या विषयात शिरत असेल तर त्याला गणित आणि संगणकीय अभ्यास या वाटा मोकळ्या आहेत, आणि माझ्या मते त्या लहान वाटा नाहीत.

एमएस्सी विद्यार्थिनी, ताळगाव

सर, दोघांचेही मनापासून आभार. खळ्याचा आणि १ वॅटचा संबंध मला कुठेही इतका स्पष्ट मिळाला नव्हता. यातून एक नवी शंका निघाली. उरलेल्या वलयात कला १८० अंशांच्या पटीत हवी, ही अट एका सुट्या कणासाठी ठरवली आहे. तीव्रता वाढली की स्पेस चार्जमुळे तीच कला घसरणार. मग जिथे या रचनेची सर्वांत जास्त गरज, तिथेच तिची अट मोडते, असे नाही का?

संगणकीय भौतिकीचे अध्यापक, म्हापसा

ताई, या विषयातला आजचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपण नेमका पकडला आहे.

आपले म्हणणे बरोबर आहे आणि आयोटाची आखणी त्याच प्रश्नाभोवती झाली आहे. ते वलय सुमारे ४० मीटर परिघाचे आहे आणि त्यात २०१८ साली प्रथम इलेक्ट्रॉन फिरवले गेले. १५० एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनांचा स्पेस चार्ज नगण्य असतो आणि प्रकाश उत्सर्जित करत त्यांचा झोत आपोआप बारीक होतो. त्यामुळे तो एखाद्या टोकदार पेन्सिलीसारखा वापरून, धक्का देऊन, वेगवेगळ्या मोठेपणाला ट्यून किती बदलते ते फेरीमागून फेरी मोजता येते. चुंबकाची अरेषीय गती आधी निखळ रूपात तपासायची, असा हा क्रम आहे. त्यानंतरचा टप्पा २.५ एमईव्हीच्या प्रोटॉनांचा. त्यांचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे ७.३ टक्के असतो, आणि वास्कोच्या सरांनी दिलेला गुणाकार इथे जेमतेम ०.०७३ येतो, म्हणजे ८०० एमईव्हीच्या जवळजवळ चाळिसाव्या भागाइतका. एवढी कमी ऊर्जा मुद्दामच निवडली आहे, कारण छोट्या यंत्रात तीव्र स्पेस चार्ज मिळवण्याचा तो मार्ग आहे.

अट मोडण्याचे तीन भाग करून पाहावेत. झोताची घनता सर्वत्र सारखी असती तर स्पेस चार्जचा जोर रेषीयच असता आणि कलेची घसरण सर्व कणांना समान झाली असती. तेवढी घसरण चतुर्ध्रुवी चुंबकांचा प्रवाह बदलून भरून काढता येते, म्हणजे अट रिकाम्या वलयाला न लावता झोतासकट वलयाला लावायची. दुसरा भाग घनता मध्यभागी जास्त असल्यामुळे येणाऱ्या अरेषीय जोराचा. तो प्रवाह बदलून जात नाही. तिसरा भाग लांबीच्या दिशेचा आहे: कणांच्या गुच्छाच्या मधोमध दाटी असते, टोकांना विरळपणा, आणि कण टोक व मध्य यांत ये-जा करत राहतो, त्यामुळे त्याच्यासाठी घसरणच बदलत राहते. माझ्या मते खरी परीक्षा या तिसऱ्या भागात आहे. अक्षय्य राशी पूर्णपणे टिकणार नाहीत हे गृहीत धरून, त्या किती हळू बदलतात आणि तेवढ्या फेऱ्यांत कण भिंतीपर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न तिथे विचारावा लागतो. स्पेस चार्ज जागच्या जागी फेडण्यासाठी इलेक्ट्रॉन लेन्सचा विचारही याच वलयात आहे. तिच्यात प्रोटॉनांच्या मार्गावर काही अंतरापुरता इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात आणि त्याच्या घनतेला योग्य आकार दिला तर मॅकमिलन यांच्या गणिताची गोल समरूप आवृत्तीही मिळते.

चर्चासत्रासाठी एक छोटा संगणकीय प्रयोग करता येईल. साध्या लॅपटॉपवर पायथनमध्ये तो होतो. उरलेल्या वलयाच्या जागी एक पातळ गोल भिंग घ्या, सरळ भागाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर अरेषीय धक्का द्या आणि तुकड्यांच्या दरम्यान कणाला मोकळे सरकू द्या. आयोटाचा खरा चुंबकही १.८ मीटर लांबीत १८ तुकड्यांचाच आहे, आणि त्याची फट मधोमध सर्वांत अरुंद, कारण बीटा फलन तिथे सर्वांत लहान असते. म्हणून १८ तुकड्यांपासून सुरुवात करणे योग्य. प्रत्येक फेरीला दोन्ही राशी काढून त्यांचा आलेख फेऱ्यांसमोर मांडा. तुकडे कमी असतील तर राशी एका सरासरीभोवती वरखाली होतील, तुकडे वाढवले की ते वरखाली होणे कमी होईल. सरासरी स्वतःच सरकू लागली तर मात्र आज्ञावलीत चूक आहे किंवा कण आडव्या अक्षावरच्या त्या दोन बिंदूंच्या पलीकडे गेला आहे, जिथे क्षेत्र अनंत होते. मग भिंगाची कला १८० अंशांवरून थोडीथोडी ढळवा. आयोटात ही कला ट्यूनच्या मापात सहस्रांशाच्या पातळीवर सांभाळण्याचे उद्दिष्ट आहे. एवढा काटेकोरपणा का हवा, हे आपल्याला त्या आलेखांतून स्वतः दिसेल.

निवृत्त प्राध्यापक, फोंडा

म्हापशाच्या सरांच्या सूचनेला एक जोड देतो. हाच प्रयोग फक्त अष्टध्रुवी धक्का घेऊनही करा. त्याची तीव्रता सरळ भागात बीटा फलनाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलत न्या. तिथे हॅमिल्टोनियन टिकेल, दुसरी राशी टिकणार नाही. लहान मोठेपणाला दोन्ही आलेख सारखेच शिस्तीत दिसतील, मोठेपणा वाढवत गेल्यावर अष्टध्रुवी आलेखात बिंदू विखुरू लागतील आणि दुसऱ्यात ते रेषेवरच राहतील. दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले तर आपल्या मूळ शंकेचे, म्हणजे अरेषीयतेतली कोणती स्वीकारायची आणि कोणती टाळायची याचे उत्तर वर्गापुढे एका पानात ठेवता येईल. ते रेखाटताना सुरुवातीचे उभे स्थान आणि उभा वेग दोन्ही एकाच वेळी शून्य ठेवू नका, नाहीतर कण आडव्या अक्षावरच राहील आणि दोन दिशांची सांगड तपासलीच जाणार नाही.